दवाखान्याच्या दाराबाहेरचे वैद्यक



या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान स्वीकारण्याची आज्ञा आपण मला केलीत. तीत माझ्या विद्वत्तेचा गौरव नसून, तालुक्याच्या गावी बाजारपेठेच्या टोकाला दवाखाना चालवणाऱ्या एका सामान्य पशुवैद्याला एकदा बोलते करावे एवढाच आपला हेतू असावा, असे मी समजतो. शस्त्रक्रियेतील नव्या पद्धती, निदानाची नवी यंत्रे, औषधांचे नवे पर्याय यांविषयी अधिकारी व्यक्ती येथे निबंध वाचणारच आहेत. त्यांच्या प्रांतात शिरण्याचा अगोचरपणा मी करणार नाही. माझे म्हणणे थोडके आहे. पशुपालकाला वेळेवर, त्याच्या भाषेत आणि कारणांसह माहिती देणे हे आपल्या सौजन्याचे नव्हे, चिकित्सेचेच अंग आहे, आणि ती माहिती देण्याचा खरा मुहूर्त जनावर धडधाकट असते तेव्हाचा आहे.

आपल्या प्रांतात या व्यवसायाची परंपरा लहान नाही. मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून 1832 साली मुंबईत पारशी रहिवाशांनी दंगा केला आणि त्या प्रकरणाच्या पाठोपाठ, 1834 साली, मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. 1874 साली जनावरांचा छळ रोखण्यासाठी मंडळी स्थापन झाली, 1886 साली परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले आणि 1889 साली पुण्यास ती जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली, जी पुढे मुक्तेश्वरला गेली व जिच्यातून आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था वाढली. भूतदया, कायदा, शिक्षण आणि संशोधन यांची सोय अशी क्रमाने होत गेली; जनावराचा धनी मात्र पुष्कळ काळ दवाखान्याच्या ओट्यावरच बसून राहिला. त्याने जनावर आणावे, बाटली घ्यावी, पैसे द्यावेत आणि जावे, असा शिरस्ता पडला. वस्तुतः आपल्या शास्त्राचा सर्वांत मोठा विजय याच्या उलट साक्ष देतो. बुळकांडीचा भारतातील शेवटचा आजार 1995 साली नोंदला गेला व 2011 साली सारे जग त्या रोगातून मुक्त झाल्याची घोषणा झाली. रोग हटवला तो लसीने, याबद्दल वाद नाही. परंतु लसीकरण थांबवल्यानंतर तो कोठेही दडून राहिलेला नाही हे सिद्ध करण्यासाठी गावोगाव हिंडून गोठ्यागोठ्यांत विचारपूस करावी लागली, आणि त्या कामी पशुपालकाच्या जबानीवाचून एक पाऊलही पुढे पडले नसते.

आपला रोगी स्वतःची कैफियत मांडू शकत नाही, हे आपण नेहमी म्हणतो. पण त्याची कैफियत मांडणारा माणूस तयार करण्याची जबाबदारीही मग आपल्यावरच येते, हे मात्र आपण विसरतो. कुत्रा आपल्या टेबलावर पाच-दहा मिनिटे असतो, तीही भेदरलेल्या अवस्थेत. उरलेला सारा दिवस तो घरच्या माणसांच्या नजरेसमोर असतो. त्या नजरेला काय पाहावयाचे हे कळले, तर निम्मे निदान दारातच होते. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. तिच्यावर बोट दाबून उचलले की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा रंगतो. गाढ झोपेत त्याचा श्वास मिनिटाला तिसाच्या आत राहतो, आणि हृदयविकार जडलेल्या कुत्र्याच्या बाबतीत हा आकडा वाढू लागणे हा पुढे येणाऱ्या संकटाचा पहिला इशारा असतो. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुनःपुन्हा बसून कुंथतो आहे आणि लघवी होत नाही, याला घरचे लोक बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात. मूत्रमार्ग तुंबला असेल तर दोन दिवसांत तो बोका दगावतो. माजावर येऊन गेलेली कुत्री काही आठवड्यांनी वारंवार पाणी पिऊ लागली व मलूल दिसू लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका धरून तिला त्याच दिवशी दवाखान्यात आणले पाहिजे. या चार गोष्टी सांगावयास पाव तास पुरतो, आणि त्यांसाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही.

पिलाच्या लसीकरणाकडे पाहा. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा, आणि हा क्रम सोळाव्या आठवड्यापर्यंत, हे आपण कार्डावर लिहून देतो. धनी मात्र मनात म्हणतो की एकाच सुईचे पैसे डॉक्टर तीनदा घेतो आहे, आणि दुसऱ्या खेपेनंतर येईनासा होतो. त्याला कारण सांगितलेले नसते. आईच्या चिकातून पिलाला जे संरक्षण मिळते, तेच लसीलाही निष्प्रभ करते. ते संरक्षण कोणत्या आठवड्यात ओसरेल हे प्रत्येक पिलागणिक वेगळे असल्यामुळे लस पुनःपुन्हा द्यावी लागते. ज्या पार्व्होला पुष्कळ लोक सरसकट ‘गॅस्ट्रो’ म्हणतात, तो रोग 1978 च्या सुमारास जगभर पसरला आणि त्याचा विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. एवढे कळल्यावर लसीकरण पुरे होईपर्यंत पिलाला रस्त्यावर सोडू नका, ही आपली सूचना धन्याला जाच वाटत नाही. कारण कळलेली मुदत माणूस पाळतो. नुसत्या फर्मानाला तो पळवाट शोधतो.

पिसाळ रोगाच्या बाबतीत तर हे ज्ञान घरातल्या माणसांच्या जिवाशी निगडित आहे. पाश्चरने 1885 साली या रोगावरची लस माणसाला प्रथम टोचली. तरीही लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग आजही जवळजवळ अटळपणे मृत्यूकडे नेतो. म्हणून पिलाला तीन महिन्यांचे झाल्यावर लस टोचणे व पुढे ती ठरल्या मुदतीत चालू ठेवणे, एवढे सांगून आपले काम संपत नाही. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, कारण या विषाणूवरचे स्निग्ध आवरण साबणाने भंगते. तिच्यावर तिखट, चुना किंवा तेल लावू नये. माणसाने विनाविलंब सरकारी रुग्णालयात रुजू व्हावे, आणि चावणारे कुत्रे ठाऊक असेल तर त्याला मारून न टाकता दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवावे. हे सारे आपल्या दवाखान्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांत असले पाहिजे. रुग्णालयातल्या डॉक्टरला जखमी माणूस भेटतो तो चावा बसल्यावर. आपल्याला तो त्याच्या कितीतरी आधी भेटलेला असतो.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकतो. लोकांना फार सांगितले की ते अर्धे डॉक्टर होतात, असे आमचे काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. अर्धवट ज्ञानाने केलेले अपाय आपण सर्वांनीच पाहिले आहेत. पण ते अर्धवट ज्ञान आले कोठून? मांजराच्या अंगात कणकण वाटली म्हणून घरातली पॅरासिटॅमॉलची गोळी चतकोर करून त्याच्या तोंडात घालणारी गृहिणी आपल्याकडून काही शिकलेली नसते. माणसाच्या यकृतात त्या औषधाचा निचरा ज्या वाटेने होतो ती वाट मांजरात जवळपास नसतेच, आणि काही तासांतच त्याच्या हिरड्या तपकिरी पडून श्वास लागतो, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. आपण गप्प बसलो म्हणजे अज्ञान जागच्या जागी राहते असे नव्हे. आपली जागा शेजारी आणि औषधाचा दुकानदार घेतात.

नुसता कायदा कोठवर पुरतो, याचा धडा गिधाडांनी आपल्याला दिला आहे. डायक्लोफेनॅक टोचलेल्या जनावराचे प्रेत खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात हे सिद्ध झाल्यावर 2006 साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तरी माणसांसाठी असलेल्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोहोचतच राहिल्या, आणि 2015 साली त्या कुप्यांच्या आकारावरच निर्बंध घालावा लागला. गिधाडांना निर्धोक असे मेलॉक्सिकॅम हाताशी होते. म्हशीच्या सुजेवरचे इंजेक्शन आणि डोंगरकड्यावरचे रिकामे घरटे यांचा संबंध म्हशीच्या धन्याला समजावून सांगणारा माणूस मात्र फार थोड्या ठिकाणी भेटला.

आता तजविजीच्या गोष्टी. पहिली, प्रत्येक रोग्याबरोबर घरी जाणारा मराठी कागद: काय झाले, औषध किती दिवस, कोणती लक्षणे दिसली तर उद्याची वाट न पाहता परत यावे, आणि पुढील उपचारास अदमासे किती खर्च येईल. खर्चाची गोष्ट आधी काढणे आपल्याला अवघड वाटते, पण बिल पाहून अवघडलेला धनी पुढच्या खेपेस जनावर उशिरा आणतो. दुसरी, ऋतूंचा इशारा. चैत्र-वैशाखात दुपारच्या फिरण्याबद्दल व उष्माघाताबद्दल. पावसाळ्यापूर्वी गुरांच्या घटसर्प-फऱ्याच्या लसीबद्दल. पाऊस लागल्यावर गोचीड-तापाबद्दल व उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोबद्दल. आणि दिवाळीपूर्वी, फटाक्यांनी बिथरून पळालेले कुत्रे ओळखू यावे म्हणून गळपट्ट्यावर धन्याचा फोन नंबर घालण्याबद्दल. तिसरी, रात्रीचा बंदोबस्त. आपला दवाखाना बंद असेल तेव्हा जवळचा कोणता उघडा असेल, याची पाटी दारावर लावण्यात कमीपणा नाही. तालुक्यातील सहकाऱ्यांनी आपसांत पाळ्या वाटून घेतल्या तर ती पाटी खरी ठरेल. चौथी, फोन उचलणाऱ्या मदतनिसाला शिकवणे. जनावराचे वजन किती, काय खाल्ले, केव्हा खाल्ले, हिरडीचा रंग कसा आहे, हे चार प्रश्न त्याने विचारले की जनावर पोहोचेपर्यंत टेबलावर योग्य औषध तयार असते.

यांतील एकाही गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही व सरकारी मंजुरीचीही वाट पाहावी लागत नाही. म्हणून या अधिवेशनाने केवळ ठराव करून उठू नये, अशी माझी विनंती आहे. तो घरी न्यावयाचा कागद आणि ऋतूंचा इशारा यांचा मराठी मसुदा उद्याच्या समारोपापूर्वी सिद्ध व्हावा, तो तपासण्यासाठी आपल्यातील दोन अनुभवी वैद्यांबरोबर येथे जमलेल्या दोन पशुपालकांचीही नेमणूक व्हावी, आणि जे वाक्य त्या दोघांना कळणार नाही ते मसुद्यातून काढून टाकण्याचा अधिकार त्यांना असावा. पुढील वर्षी या पीठावरून जो कोणी बोलेल, त्याने प्रारंभीच तो कागद किती दवाखान्यांतून दिला जातो याचा हिशेब आपल्याकडून मागावा.