चीज आणि चीक



मराठी माणसाच्या घरात चीज फार पूर्वीपासून होतं, फक्त ते खायचं नव्हतं. फारसीतून हा शब्द आपल्याकडे आला तो ‘वस्तू’ असा अर्थ घेऊन. मग गवयाने बैठकीत म्हटली ती चीज झाली. पोरगा चांगल्या मार्कांनी पास झाला की आईबापांच्या कष्टाचं चीज झालं. खायचं चीज मात्र लॅटिनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून आपल्या ताटात आलेलं. दोघांचं आडनाव एक, पण नातं काही नाही. आता हे नवं चीज इतकं रुळलं आहे, की नातवाला ‘तुझ्या कष्टाचं चीज होईल बरं’ असं म्हटलं, तर तो ‘एक्स्ट्रा का?’ असं विचारायचा.

आमच्या सक्करदऱ्याचंच बघा. नावात साखर ऐकू येते, पण इथली जीभ तिखटाची. सकाळी तर्री-पोहे आणि सणावाराला मटणाचा रस्सा. अशा वस्तीत चीज शिरलं कसं? पहिल्यांदा ते डब्यातून आलं. १९६०च्या आसपास आणंदच्या अमूलने म्हशीच्या दुधाचं चीज करायला घेतलं. गोल पत्र्याचा डबा, वर झाकण, आत पिवळसर गोळा. ज्यांचे भाऊ मुंबईत नोकरीला, त्यांच्याकडे तो डबा दिसायचा. चीज संपल्यावर त्यात राई-मेथ्या राहायला यायच्या, आणि घराला त्या चीजचा खरा उपयोग तोच वाटायचा. पुढे १९९६ साली डॉमिनोजचं देशातलं पहिलं दुकान दिल्लीत उघडलं, आणि तार निघणारं चीज जाहिरातींतून घरोघरी पोचलं. आता डोशावर, पावभाजीवर, वडापावात चीज असतं. ठेल्यावरचा पोरगा किसणी घेऊन उभा असतो आणि हात आखडता घेत नाही.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर चढणाऱ्या आपल्या गावात हे टिकतं कसं, असा प्रश्न पडतो. त्याचं श्रेय स्वित्झर्लंडला आहे. चीज उष्ण मुलखात पाठवायचं तर ते घामाघूम होऊन बिघडतं, म्हणून १९११ साली तिथल्या वॉल्टर गर्बर आणि त्याच्या जोडीदाराने ते वितळवून, त्यात क्षार मिसळून पुन्हा घट्ट करायची युक्ती काढली. तेच प्रोसेस्ड चीज. आपल्याकडच्या घडीचं, वडीचं, डब्यातलं बहुतेक चीज त्याच कुळातलं. म्हणजे ज्याला आपण चीज म्हणतो ते मूळ चीजचं सुधारलेलं, शिस्त लावलेलं, वास काढून घेतलेलं पोर आहे.

कारण खऱ्या चीजची गंमत वासात असते. लिंबर्गर नावाचं एक चीज आहे. त्याच्यावर वाढणारे जिवाणू आणि माणसाच्या पायाला वास आणणारे जिवाणू अगदी जवळचे भाऊबंद. ही थट्टा नाही. बार्ट नोल्स नावाच्या डच संशोधकाने दाखवून दिलं, की मलेरियाच्या डासाची मादी माणसाच्या पायाच्या वासाकडे जशी ओढली जाते, तशीच लिंबर्गरच्या वासाकडेही ओढली जाते. या संशोधनाला २००६ साली इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे बक्षीस देतात. आपल्याकडच्या डासांना अजून लिंबर्गर चाखायला मिळालेलं नाही. ते बिचारे आपल्या पायांवरच भागवतात.

हे ऐकून नाकाला पदर लावण्याआधी जरा आपल्या घरात डोकावू या. उन्हाळ्यात कुरडया करायच्या असतात तेव्हा काय करतो आपण? गहू तीन दिवस भिजत घालतो. रोज पाणी बदलतो, तरी तिसऱ्या दिवशी जो आंबूस वास सुटतो, त्यावरून गल्लीत कोणाकडे कुरडया आहेत ते पत्ता न विचारता कळतं. मग ते वाटायचं, गाळायचं, रात्रभर ठेवायचं, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि खाली बसलेला चीक मीठ-हिंग घालून शिजवायचा. तो गरम चीक वाटीत घेऊन वर तेल घालून खाण्यासाठी पोरं सकाळपासून घिरट्या घालतात. एखाद्या फ्रेंच पाहुण्याला त्या तिसऱ्या दिवशीच्या गव्हाच्या पातेल्यापाशी उभं करा. तो लिंबर्गरची आठवण काढून गहिवरेल, नाही तर पळून जाईल.

चीज जमतं कसं, हेही ऐकण्यासारखं आहे. दूध पिणाऱ्या वासराच्या पोटात एक पाचक रस असतो. त्याने दूध घट्ट होतं. युरोपात शतकानुशतकं तोच रस वापरून चीज केलं. हल्ली बुरशीपासून किंवा सूक्ष्मजीवांपासून मिळवलेला रस वापरतात, म्हणून आपल्याकडच्या चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका दिसतो. आपण पनीर करतो ते लिंबू पिळून, त्यात वासराचा काही संबंध नाही. पण खरवस? गाय-म्हैस व्याली की पहिल्या एक-दोन दिवसांचं दूध, त्यालाही आपण चीकच म्हणतो. त्यात प्रथिनं एवढी असतात, की लिंबू नको, रस नको, नुसत्या वाफेवर ते जमतं. वासराचा वाटा राखून उरलेला चीक गूळ-वेलची घालून उकडला, की जगातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात गोड चीज तयार. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगताना ‘बाळंत म्हशीचं दूध’ एवढंच म्हणून बघा. तो चमचा खाली ठेवील.

नॉर्वेत एक तपकिरी चीज करतात, ब्रुनोस्ट. दूध फाटल्यावर उरणारं पाणी, म्हणजे निवळी, दूध-साय घालून तासन्‌तास आटवायची. आटता आटता त्यातली साखर करपून तपकिरी होते आणि खमंग गोड लागते. आपल्या हलवायाला दिलं तर तो म्हणेल, ‘अहो, हा तर खवा लागला!’ या ब्रुनोस्टचा पराक्रम ऐका. जानेवारी २०१३मध्ये उत्तर नॉर्वेतल्या एका बोगद्यात सत्तावीस टन ब्रुनोस्ट घेऊन जाणाऱ्या ट्रकला आग लागली. साखर आणि चरबी दोन्ही भरपूर, त्यामुळे ती दिवसचे दिवस धुमसत राहिली आणि बोगद्याचं नुकसान झालं. आपल्याकडे खवा जळाला की कढई घासावी लागते, तिकडे बोगदा दुरुस्त करावा लागला. आणि अभिमानाची गोष्ट अशी, की २०२१ साली वर्ल्ड चीज अवॉर्ड्‌समध्ये मुंबईच्या एलेफ्थेरिया या छोट्या उद्योगाच्या ब्रुनोस्टला रौप्यपदक मिळालं. नॉर्वेचा पदार्थ, मुंबईचे हात. आटवण्यात आपला हात कोण धरणार?

तेव्हा विचित्र खाणं म्हणून काही वेगळी जात नसते. इटलीच्या सार्डिनिया बेटावर कासू मार्झू नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज असतं, त्यात जिवंत अळ्या वळवळत असतात. विकायला कायद्याने मनाई आहे, पण तिथली म्हातारी माणसं ते प्रेमाने खातात. ओडिशात सिमिलिपालच्या जंगलपट्टीत लाल मुंग्यांची चटणी करतात. तिला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आपल्या नागपुरी संत्र्याला मिळालंय तेच. आपण शहारतो. पण मधमाशीने पोटात नेऊन परत काढलेला मध आपण देवाच्या पंचामृतात घालतो, तेव्हा नाही शहारत.

बाहेरगावच्या माणसाला तर आपल्या नुसत्या भाषेनेच धडकी भरते. पुण्याचा जावई पहिल्यांदा नागपुरात येतो. सासूबाई विचारतात, ‘जावईबापू, आज पोपटाची भाजी केली, चालते न?’ त्याच्या डोळ्यांसमोर पिंजरा येतो. वास्तविक पोपट म्हणजे वालाच्या शेंगांचाच एक प्रकार. मग भाजीवर सांबार पेरतात. तो वाटीतलं सांबार शोधत बसतो आणि इकडे कोथिंबीर त्याच्या ताटात केव्हाच पडलेली असते. संध्याकाळी मेहुणे त्याला सावजीच्या खाणावळीत नेतात आणि ‘एक सुंदरी आण रे’ अशी ऑर्डर देतात. बायकोच्या भावांसमोर हे काय चाललंय, म्हणून तो गोरामोरा होतो. सुंदरी म्हणजे बकऱ्याच्या पोटातला ऐवज, तिखट रश्शात शिजवलेला. हे सावजी जेवण मूळचं विणकर हलबा-कोष्टी समाजाच्या घरांतलं. हातमागावर राबणाऱ्या माणसांनी बकऱ्याचं काही वाया जाऊ दिलं नाही. खुरापासून पोटापर्यंत सगळ्याला मसाल्याने किंमत आणली. एके काळी ज्याला लोक नाक मुरडत, ते खायला आता दुरून लोक येतात आणि नाक-डोळे पुसत पुसत खातात.

इथवर हसण्यावारी गेलं, श्रोतेहो. आता जरा वेगळी गोष्ट.

सक्करदऱ्यात बुधवारचा बाजार भरतो. पावसाळ्यात उमरेडकडच्या बाया टोपल्या घेऊन येतात. त्यात वास्ते असतात, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. कधी नशीब असलं तर सात्या असतात. वारुळावर पावसात उगवणारी ही पांढरी अळिंबी. गेल्या पावसाळ्यात एका टोपलीपाशी शाळकरी मुलगा आईचा हात ओढत होता. ‘मम्मी, हे काय आहे?’ आईने क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, ‘काही नाही रे, जंगलातलं काहीतरी.’ टोपलीवाली म्हातारी हसून म्हणाली, ‘घेऊन तं पाहा न बाई. तुमच्या सासूले विचारा, थे सांगन.’ बाई पुढे निघून गेल्या. दोन पावलांवर चीज घातलेला मका भाजत होता, तिथे मात्र थांबल्या. पोराला चीज नवं नव्हतं. नवे होते ते वास्ते.

मला वाटतं, उलटापालट इथे झाली आहे. हजारो मैलांवरून आलेलं चीज घरचं झालं, याचं दुःख नाही. चांगलं आहे, खावं. पण उमरेडच्या जंगलातलं, पाऊण तासावरचं खाणं विचित्र झालं. खरवस मिठाईच्या दुकानात विकत मिळतो, पण तो कसा जमतो ते घरात ठाऊक नाही. मोहाची फुलं म्हटलं की फक्त दारू आठवते. ती वाळवून मनुकांसारखी खातात, त्यांचे लाडू करतात, हे शहरात सांगावं लागतं.

आणि या दोन प्रकारच्या खाण्यांत एक मोठा फरक आहे. चीजच्या पाकिटावर सगळं लिहिलेलं असतं. कशाचं केलं, कधीपर्यंत खायचं, कुठे ठेवायचं. कारखाना आहे तोवर ते मिळत राहील. वास्त्यांवर काही लिहिलेलं नसतं. कच्च्या बांबूत विषारी अंश असतो. कोंब चिरून पाण्यात भिजत घालायचे, उकळायचे, ते पाणी फेकायचं, मग हरभऱ्याच्या डाळीसोबत भाजी करायची, हे ठाऊक असावं लागतं. सात्यांचं तर आणखी कठीण. त्यांची बुरशी वाळवी आपल्या वारुळात जोपासते, त्यामुळे धिंगरीसारखी त्यांची लागवड करता येत नाही. पावसाने आणि वाळवीने दिल्या तरच मिळतात. आणि तशाच दिसणाऱ्या विषारी अळिंबीपासून त्या ओळखायला जाणती नजर लागते, पुस्तकातलं चित्र पुरत नाही. या खाण्याचं लेबल म्हणजे घरातली म्हातारी माणसं. ती गेली की लेबल गेलं. मग ते न खाणंच शहाणपणाचं ठरतं, आणि दोन पिढ्यांत ते आपलं होतं हेही कोणाला आठवत नाही.

म्हणून एक सुचवतो. आपल्या घरात, शेजारात कोणी सत्तरी ओलांडलेलं असेल, तर त्यांना एक प्रश्न विचारा: लहानपणी खायचात आणि आता मिळत नाही, असं काय? एकच प्रश्न पुरतो. पुढचा तासभर तुम्हाला बोलावं लागणार नाही. ते काय सांगतात ते वहीत लिहून ठेवा. नुसतं नाव नको, कृतीही लिहा. किती दिवस भिजवायचं, कोणतं पाणी फेकायचं, कशासोबत खायचं नाही. आणि एखादी भाजी त्यांच्याच देखरेखीखाली, त्यांच्या शिव्या खात करून बघा. पहिल्या खेपेला पोरांना आवडणार नाही. हरकत नाही, वर थोडं चीज किसा.

तर मंडळी, येत्या बुधवारी बाजारात टोपलीपाशी थांबा, भाव विचारा, आणि भाव करण्याआधी भाजी कशी करायची तेही विचारून घ्या. बाया सांगतात, आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.