दार उघडताना आखडलेला हात



प्राध्यापकांच्या या जिल्हा अधिवेशनाचा अध्यक्ष या नात्याने लगेच विषयाकडे वळतो. सार्वजनिक उच्च शिक्षणाचा विचार करायला आपण सोलापूरच्या भवानी पेठेत जमलो आहोत, हे मला फार योग्य वाटते. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती आणि आजूबाजूच्या या साऱ्या पूर्व भागातून कितीतरी मुले-मुली माझ्या वर्गात येऊन बसली. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि उर्दू, वर्गात मराठी, आणि पुढे पुस्तकात इंग्रजी. वडील यंत्रमागावर, आई घरी बसून विड्या वळणारी. विडीची मजुरी हजारामागे मिळते. त्यामुळे अशा घरात फीचा आकडा कळला की आई मनातल्या मनात किती हजार विड्या होतील याचा हिशेब मांडते. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. उच्च शिक्षणाच्या खर्चाचे इतके नेमके मोजमाप मला कोणत्याही अहवालात सापडले नाही.

उच्च शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, ही आपली मागणी नवी नाही. पण तिच्या विरोधात एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो थेट महात्मा फुल्यांच्या नावाने केला जातो, म्हणून आधी त्याला उत्तर दिले पाहिजे. जोतीरावांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गाच्या मुलांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार होती. आधी खेड्यातल्या प्राथमिक शाळेकडे बघा, असे ते सरकारला सांगत होते. आज हाच दाखला देऊन विचारले जाते की गरिबाच्या कराच्या पैशातून कॉलेजे कशाला चालवायची?

जोतीरावांची तक्रार अशी होती की पैसा कष्टकऱ्याचा आणि वर्गात त्याचे मूल नाही. ते खरेच होते. पुढची नव्वद-शंभर वर्षे या महाराष्ट्राने ती तक्रार दूर करण्यासाठी घालवली. 1927 साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. कला महाविद्यालयांचा 36 टक्के खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल होतो, हे त्यांनी सरकारच्याच अहवालातून दाखवले आणि शिक्षणाच्या या व्यापारीकरणाला विरोध केला. खालच्या वर्गांना उच्च शिक्षण जितके स्वस्त करता येईल तितके करा, ही त्यांची मागणी होती. दारूवरच्या करातून लोकांकडून जेवढे घेता, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असेही ते म्हणाले. पुढे 1946 साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. 1947 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, ते गरिबाच्या पोराला पैशांवाचून शिकता यावे म्हणून. आपल्या बार्शीत मामासाहेब जगदाळे यांनी बोर्डिंग आणि शाळांपासून सुरुवात करून महाविद्यालयापर्यंत मजल मारली. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वार्षिक 1200 रुपयांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांना फीमाफी मिळाली. ती ‘ईबीसी’ सवलत माझ्या पिढीतल्या कित्येकांच्या पदवीचा पाया आहे.

सोलापूरचा इतिहासही हेच सांगतो. 1940 साली इथे दयानंद महाविद्यालय उभे राहिले. न्यायालयात शिपायाची नोकरी करत रात्रशाळेत शिकलेले सुशीलकुमार शिंदे याच महाविद्यालयातून पदवीधर झाले. ते राज्याचे मुख्यमंत्री असताना, 1 ऑगस्ट 2004 रोजी, एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ सोलापूरला मिळाले. त्याआधी आपले विद्यार्थी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे. एका गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठी मंगळवेढ्याचा किंवा अक्कलकोटचा मुलगा मुक्कामाची पिशवी घेऊन कोल्हापूरला निघे. आज तो केगावला आपल्या विद्यापीठात जाऊन संध्याकाळी घरी परततो.

आणि वैद्यकीय महाविद्यालयाबद्दल थोडे सविस्तर बोलू द्या, कारण सार्वजनिक शिक्षणाचा लाभ फक्त शिकणाऱ्याला होतो या समजाला तिथे उत्तर मिळते. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय 1963 सालचे, आज ते शासनाचे आहे. त्याला जोडलेले रुग्णालय म्हणजे आपले ‘सिव्हिल’. धाराशिवचा, कलबुर्गीचा, विजयपूरचा शेतमजूर पहाटेच्या एसटीने तिथे येतो. महाविद्यालय नसते तर ते रुग्णालयही आजच्यासारखे नसते. खासगी अभिमत विद्यापीठात एमबीबीएसची एका वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे जाते. ते कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडलेला तरुण डॉक्टर करमाळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसेल, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

तर मित्रहो, जोतीरावांची तक्रार हळूहळू दूर होत गेली. विडी वळणाऱ्या बाईची मुलगी वर्गात आली. आणि नेमके तेव्हापासून सरकारने हात आखडता घेतला. मला आज एवढेच सांगायचे आहे. दार उघडायला शंभर वर्षे लागली, आणि ज्यांच्यासाठी उघडले ते आत शिरत असतानाच तिजोरी बंद होऊ लागली.

1983 साली राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, हे मान्य केले पाहिजे. तरी त्या वाढीचा भार पालकांच्या खिशावर पडला, आणि पुढे तोच नियम होऊन बसला. आज आपल्याच महाविद्यालयांत एका मजल्यावर बी.ए., बी.कॉम.ची अनुदानित तुकडी असते आणि वरच्या मजल्यावर बीसीए, बीबीएची विनाअनुदानित तुकडी. इमारत, प्राचार्य, विद्यापीठ सारे एकच, फी मात्र कित्येक पट. ज्या अभ्यासक्रमातून आज नोकरी मिळण्याची शक्यता अधिक, नेमक्या त्याच अभ्यासक्रमाला अनुदान नाही. गरीब मुलगा स्वस्त तुकडीत बसतो, तेव्हा ती त्याची आवड होती असे आपण समजतो.

आणि अनुदानित तुकडीत तरी काय आहे? निवृत्तीने रिकाम्या झालेल्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली आपली तरुण मंडळी तासिका तत्त्वावर शिकवतात. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की पैसे बंद, आणि झालेल्या तासांचे मानधनही महिनोन्‌महिने अडकते. सभागृहात मागच्या रांगांत ती बसलेली मला दिसत आहेत. तीन-तीन महाविद्यालयांत धावपळ करणाऱ्या शिक्षकाला तास संपल्यावर विद्यार्थ्यासाठी थांबता येत नाही. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त गरज तासानंतरच्या त्या अर्ध्या तासाची असते. श्रीमंताचा मुलगा त्याची भरपाई शिकवणीत करतो. गरिबाच्या मुलीसाठी तिचा शिक्षकच सारे काही असतो, आणि त्या शिक्षकालाच आपण रोजंदारीवर आणून ठेवले आहे.

जुलै 2024मध्ये शासनाने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. मी त्याचे मनापासून स्वागत करतो, यामुळे काही घरांत लग्नाची बोलणी दोन-तीन वर्षे पुढे ढकलली जातील. मात्र वसतिगृह, खानावळ, प्रवास यांचा खर्च आहेच. शिवाय शासन संस्थेला फी भरते तेव्हा सार्वजनिक जागा एकही वाढत नाही, खासगी संस्थेचा खर्च भागतो. शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा आला की संस्था विद्यार्थिनीकडे बोट दाखवते. हाच पैसा शासकीय महाविद्यालय, वसतिगृह, प्रयोगशाळा यांत गेला असता तर पुढच्या पन्नास वर्षांच्या मुलींच्या उपयोगी पडला असता.

पैसा नाही, असे सांगितले जाते. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च करा, असे कोठारी आयोगाने 1966 साली सांगितले. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. मधल्या चौपन्न वर्षांत तो गाठला गेला नाही. जर्मनीत काही राज्यांनी विद्यापीठांत फी लावून पाहिली आणि 2014पर्यंत सर्व राज्यांनी ती काढून टाकली. आपल्या पुण्या-सोलापूरची मुले जर्मन शिकून तिकडे जातात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. दुसऱ्या देशाच्या करदात्याने आपल्या मुलांना शिकवावे आणि आपल्या राज्याने शिकवू नये, हे मला खुपते.

आता थोडे आपल्याविषयी. 2013 साली आपण वेतनाच्या थकबाकीसाठी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. मागणी रास्त होती. विद्यार्थ्याच्या फीसाठी आपल्या संघटनांनी तेवढी ताकद कधी लावली नाही, म्हणूनच आपल्या आंदोलनात पालक आपल्या बाजूला उभे राहत नाहीत. विडी कामगारांनी या शहरात लढून कुंभारीच्या माळावर हजारो घरे मिळवली. संघटित मागणी कशी रेटायची, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

दुपारच्या सत्रात ठराव येतील. मसुद्यात वेतननिश्चितीचा ठराव पहिला आणि फीचा सातवा आहे. हा क्रम बदलावा, अशी माझी सूचना आहे. फीच्या ठरावात स्पष्ट लिहा की रिक्त जागा कायमस्वरूपी भरल्या जाव्यात, अनुदानित महाविद्यालयांतले नवे अभ्यासक्रम अनुदानावर घेतले जावेत, शिष्यवृत्तीची रक्कम सत्र सुरू होण्यापूर्वी जमा व्हावी आणि प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मुलींचे शासकीय वसतिगृह असावे. ठरावाची प्रत मंत्रालयात जाईलच. तीच तेलुगू, कन्नड आणि उर्दूत करून या पेठेतल्या यंत्रमाग कामगारांच्या आणि विडी कामगारांच्या संघटनांकडे न्या, त्यांच्या सभांत वाचा, त्यांच्या सह्या घ्या. हा ठराव अध्यक्षांकडून मांडला जाईल, अशी नोंद कार्यवाहांनी आत्ताच करून घ्यावी.