आधी अडचण, मग चाचणी

‘मुलाचा आयक्यू काढून द्या,’ असं म्हणत आलेल्या पालकांना जाणता मानसशास्त्रज्ञ आधी विचारतो, “अडतंय कुठे?”

समजा, चौथीतली एक मुलगी आहे. तोंडी हिशेब झटपट करते, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते. पण धडा वाचायला लावला की ‘पुस्तक’चं ‘पुतक’ होतं आणि वहीत वेलांट्या भलत्याच बाजूला पडतात. तिची नुसती बुद्धिमापन चाचणी केली, तर आकडा चांगला येईल आणि ‘हुशार आहे, पण आळशी’ हा शिक्का जास्तच पक्का होईल. हा त्या मुलीवर अन्याय आहे. तिला हवी अध्ययन अक्षमतेची तपासणी. या तपासणीत वाचन, लेखन, गणित वेगवेगळं पाहतात. बुद्ध्यांक हा त्यातला एक भाग. ही तपासणीही मुलीच्या भाषेत व्हायला हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनातल्या अक्षमतेची, चाचणी मराठीतही आहे.

बुद्धिमापनाला कमी लेखायचं कारण नाही. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी ते सुरू केलं, तेच मुळी शाळेत जादा मदत कुणाला हवी हे ओळखण्यासाठी. धारवाडच्या कामतांनी त्याचं मराठी आणि कानडी रूप केलं. नागपूरला मालिन यांनी वेक्सलर यांची चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली. ही मापं आता बरीच जुनी झाली आहेत, म्हणून कोणती चाचणी, कधीची, हे पालकांनी बेलाशक विचारावं.

मूल एका जागी ठरत नसेल, तर तासाभराच्या चाचणीतून फारसं कळत नाही. घरच्यांनी आणि वर्गशिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्या तिथे मोलाच्या. स्वमग्नतेची शंका असेल तर मुलाचं खेळणं, बोलणं, नजर देणं पाहावं लागतं. आणि या सगळ्याच्या आधी कान व डोळे तपासून घ्यावेत. ऐकूच कमी येणारं मूलही ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. परीक्षेत सवलत हवी असेल, तर प्रमाणपत्र कोणत्या रुग्णालयाचं चालतं, हे शाळेत आधीच विचारावं.

तपासणीला जाताना मुलाच्या वह्या, प्रगतिपुस्तक आणि शिक्षकांची चिठ्ठी बरोबर न्यावी. त्या दिवशी मूल तापाने फणफणत असेल, तर सरळ पुढची तारीख मागून घ्यावी.