स्वागताध्यक्षांचे भाषण : बालकुमार साहित्य संमेलन, हुडकेश्वर



सकाळी एका पाहुण्यांनी विचारलं, हुडकेश्वर नागपुरात येतं का? येतं. २०१३ मध्ये नरसाळ्यासोबत आम्हीही महानगरपालिकेत गेलो. त्याआधी इथं ग्रामपंचायत होती. म्हाळगी नगर चौकातून इकडं आलात तेव्हा दोन्ही बाजूंना फ्लॅट स्कीम दिसल्या असतील. तिथं शेतं होती. आज कर शहराचा भरतो, पण सवयी गावाच्याच राहिल्या. त्यातली मोठी सवय पोळ्याची.

मी हार्डवेअरवाला माणूस. साहित्यातलं कळत नाही. पण आयोजकांनी विषय सांगितला, 'बालपणीची करमणूक आणि लेखनाची गोडी', तेव्हा मला तोरणच आठवलं. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो. पोळ्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली बैल उभे करतात आणि झडत्या सुरू होतात. एक जण यमक जुळवून चार ओळी म्हणतो, शेवटी महादेवाचा गजर. लगेच दुसऱ्या बाजूनं उत्तर. पाऊस, सावकार, सरपंच, कापसाचा भाव, कोणाचीच गय नाही. उत्तर अडलं की सगळं गाव हसायचं. शाळेत यमक शिकवायला गुरुजींना आठवडा लागायचा, इथं एका संध्याकाळी जमायचं. कारण इथं हसं होण्याची भीती होती!

तेव्हाच्या झडतीकारांची नावं कोणत्याही पुस्तकात सापडणार नाहीत. कित्येकांना सहीसुद्धा येत नव्हती. संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्यासाठी एक ओळ असावी असं मी समितीत सुचवलं होतं, जागा नाही म्हणाले. म्हणून माझ्या वेळेतून त्यांना नमस्कार करून घेतो.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केली असं मानतात. लाकडाचा बैल सजवायचा, घरोघर न्यायचा, बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागायचा. मोठ्यांच्या झडत्या आम्ही तिथं मोडूनतोडून म्हणायचो. बोजारा कमी देणाऱ्यावर दारातच नवीन ओळ तयार व्हायची. त्याच दिवशी शहरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, त्या वर्षी जे खुपलं असेल त्याचा पुतळा आणि त्यावर पाटी. चार शब्दांत टोला कसा हाणावा, हे शिकायला नागपूरच्या पोराला वर्गात जावं लागत नाही. मुलींची शाळा वेगळी, भुलाबाईची. गाणी, टिपऱ्या, शेवटी खिरापत ओळखायची. आमच्या बहिणी त्या गाण्यांत शेजारच्या काकूंना घालायच्या. काकूंना कळायचं, पण बोलता यायचं नाही.

आता मुद्रित करमणूक. 'मुलांचे मासिक' आमच्या नागपूरचं! गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मोडकांनी ते सुरू केलं. पुण्या-मुंबईचे पाहुणे बसलेत म्हणून जरा मोठ्यानं सांगतो. आमच्याकडं एका अंकाची वाट चार घरं बघायची. शेवटच्या घरी तो पोचायचा तेव्हा कोडी सगळी सुटलेली असायची. मग त्या घरातल्या मुलांनी करावं काय? स्वतःची कोडी रचावी. मला वाटतं, लेखक बहुतेक अशा शेवटच्या घरांतूनच निघत असावेत. अध्यक्ष यावर बोलतीलच.

आणखी एक नागपुरी उदाहरण सांगतो, ते लहानपणीचं नाही, पण मोह आवरत नाही. महेश एलकुंचवार तरुणपणी इथंच सिनेमाला गेले होते. तिकीट मिळालं नाही म्हणून नाटकाला गेले. विजय तेंडुलकरांचं 'मी जिंकलो! मी हरलो!', दिग्दर्शन विजयाबाई मेहतांचं. ते पाहून आपणही नाटक लिहावं असं त्यांना वाटलं. १९६७ मध्ये 'सत्यकथा' मासिकात त्यांची 'सुलतान' ही एकांकिका आली. मराठी रंगभूमीनं त्या दिवशीच्या हाउसफुल्लच्या बोर्डाचे आभार मानायला हवेत.

समितीचे सचिव घड्याळ दाखवताहेत. आता उणिवा. रस्ता खोदलेला आहे, संमेलनाआधी होईल असं सांगितलं होतं, झाला नाही. धुळीसाठी सकाळी टँकरनं पाणी मारलं, दुपारी पुन्हा मारू. माइक अधूनमधून शिटी मारतो, माणूस त्याच्याजवळच उभा केला आहे. निवासाला गाद्या कमी पडल्या, त्या रात्री शेजारच्या घरांतून आल्या. परत करताना अदलाबदल होऊ नये म्हणून खडूनं नावं घातली आहेत, कृपया पुसू नका. मंडप अर्ध्या भाड्यात देणारे, तेलाचे पिंप आणि तुरीची डाळ पाठवणारे, दूध नाव न सांगता देणारे, संत्राबर्फीचे खोके आणून ठेवणारे, शाळेचे वर्ग उघडून देणारे, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. काहींनी नाव घ्या म्हटलं, काहींनी घेऊ नका म्हटलं. भांडण नको म्हणून सगळी नावं दाराजवळच्या फलकावर लिहिली आहेत. स्वयंपाकघरातल्या बाया पहाटेपासून उभ्या आहेत, त्यांच्यासाठी टाळ्या व्हाव्यात.

जेवणात वडाभात आणि पाटवडीचा रस्सा आहे. रस्सा तिखट आहे, मुलांसाठी वेगळी कढी ठेवली आहे. ज्यांना कूपन मिळालं नसेल त्यांनी उजवीकडच्या टेबलाशी यावं. आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं अशी विनंती करतो. काडेपेटी समईच्या मागे आहे.