चाळिशीनंतर सायकल घेताना



आपल्या ग्रुपवर हल्ली एकच प्रश्न फिरतोय : सायकल कोणती घेऊ? डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला, हातात चार पैसे आलेले आणि दुकानात लाखाची कार्बनची सायकल एका बोटावर उचलून दाखवतात. मी इंजिनिअर, त्यात २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे करणारी, म्हणून हा विषय माझ्याकडे आला असावा.

माझ्या ओळखीचे सायकल-मिस्त्री दिवसभर महागड्या सायकली उघडतात आणि घरी जाताना मडगार्ड, कॅरियर लावलेली स्टीलची सायकल काढतात. कारण साधं आहे. सायकल उजवीकडे पडली की मागचा डिरेलर ज्या हँगरवर असतो, तो वाकतो. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमला तो बहुधा वेगळा तुकडा असतो आणि अनेकदा मॉडेलनुसार निराळा. दुकानात नसला की मागवा, थांबा. स्टीलच्या फ्रेमला तो बहुधा फ्रेमचाच भाग असतो. मिस्त्री पाना लावून सरळ करतो, तुम्ही चहा संपवून निघता. फ्रेमला तडा गेला, तरी चांगला वेल्डर सांधून देतो. कार्बनला आतून इजा झाली, तर ती बाहेरून दिसेलच असं नाही, आणि मिस्त्रीला न दिसणाऱ्या बिघाडाचीच धास्ती असते.

आता वजन. तुम्ही ६५ किलो, स्टीलची सायकल १२, कार्बनची ८. एकूण ७७ विरुद्ध ७३. तेवढाच जोर लावला, तर वीस मिनिटांच्या चढाला फार तर एक मिनिट वाचेल. सपाट रस्त्यावर खरा विरोध वाऱ्याचा, तिथे हे चार किलो जवळपास जाणवतही नाहीत. शर्यतीत ते मिनिट मोलाचं. आपल्याला कोण पदक देणार आहे? ब्रेव्हेत २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. तिथे जाड टायर, मडगार्ड आणि जेवणाचा डबा मावेल अशी बॅग जास्त कामाला येते.

मात्र स्टील म्हणजे मॉलमधली शॉकअपवाली स्वस्त सायकल नव्हे. ती वजनदार असते आणि तिचे शॉकअप लवकर ढिले होतात. क्रोमोली फ्रेम बघा, शॉकअप नको, कॅरियरला भोकं हवीत.

कोकणातल्या मंडळींनो, गंजाचं भय खरं आहे. पावसाळ्याआधी सीटची दांडी बाहेर काढून ग्रीस लावा, नाहीतर ती आत गंजून अशी बसते की मिस्त्रीही हात जोडतो.

माझी सायकल बाहेर स्टँडवर आहे. जेवणानंतर ज्याला हवी त्याने मैदानाला एक फेरी मारून यावी. सीट तेवढी आपल्या उंचीप्रमाणे करून घ्या.