निजून राहणारे लेकरू

मोहर्लीसारख्या जंगलालगतच्या गावात बाळंतिणीला भेटावयास गेले, की आजी मोठ्या कौतुकाने सांगते, "लेकरू मोठं गुणाचं आहे बाई! निजलं की निजलं. रडणं म्हणून ठाऊक नाही." ऐकणाऱ्यालाही बरे वाटते. पण श्रोते हो, चार दिवसांचे बाळ चार-पाच तास सलग निजून राहिले, तर ते गुणाचे की दमलेले, हे आधी पाहावे लागते.

नवे बाळ दिवसरात्रीत सोळा-सतरा तास झोपते. त्यात वावगे काही नाही. मात्र त्याचे पोट केवढे? त्याच्या मुठीएवढे. एका वेळी थोडेच मावते आणि दोन-तीन तासांत जिरते. पुऱ्या दिवसांचे, धट्टेकट्टे बाळ बहुधा भुकेने आपणहून जागे होते. अडीच किलोहून कमी वजनाचे, दिवस भरण्याआधी झालेले किंवा काविळीने पिवळे पडलेले बाळ मात्र पुष्कळदा उठतच नाही. दूध कमी गेले की अंगात जोर राहत नाही; जोर नाही म्हणून ते निजते, आणि निजते म्हणून पुन्हा दूध जात नाही. इकडे आईचे दूधही कमी होऊ लागते, कारण बाळ जितके ओढील तितकेच ते येते.

तेव्हा निजलेल्या लेकराला उठवू नये, हा आपला नेम थोडे दिवस बाजूला ठेवा. जन्माच्या वेळचे वजन भरून निघेपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, दर दोन तासांनी पाजावे. रात्रीसुद्धा तीन तासांहून अधिक खंड नको. घरात घड्याळ नसेल, तर शाळेची घंटा आहे, एस.टी.ची वेळ आहे. गुरुजींनी एवढे करावे : बाळाच्या मोठ्या बहिणीला पाटीवर खुणा करावयास शिकवावे. पाजले की एक रेघ, लंगोट ओला झाला की एक गोल. दिवसरात्रीत आठ ते बारा रेघा हव्यात, आणि पाचव्या दिवसापासून निदान सहा गोल.

उठवावयाचे कसे? गच्च गुंडाळलेले दुपटे सोडा, लंगोट बदला, पाठीवरून आणि तळपायांवरून हलका हात फिरवा. थंडी असेल, तर उघडे बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून लुगडे पांघरा. पापण्या हलत असतील, तोंड चुळबुळत असेल, तर तीच वेळ साधा. पिता पिता डोळा लागला तर दुसऱ्या बाजूला घ्या. तरीही ओढले नाही, तर स्वच्छ वाटीत दूध काढून ते जागे असताना चमच्याने थोडे थोडे पाजा. पहिला चीक टाकू नका. घुटी, मध, साखरपाणी नको; मे महिन्याच्या उन्हातही वरचे पाणी नको, छातीला अधिक वेळा लावा.

वजन वाढू लागले, की रात्रीची एखादी झोप लांबली तरी चालेल. दिवसा उजेडात, घरच्या गडबडीत, आणि रात्री मंद दिव्यात पाजत गेले, की दिवस-रात्र त्याला हळूहळू कळते. महिनाभराच्या बाळाकडून वेळापत्रकाची अपेक्षा मात्र कुणी करू नये. निजवावे ते उताणे.

आता खरी भीतीची गोष्ट. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची देखभाल केली. ती करणाऱ्या गावातल्याच लिहित्या-वाचत्या बाया होत्या. तिथे पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले. त्या बाया काय पाहत? ओढणे मंदावले का, रडणे क्षीण झाले का, हातपाय लुळे पडले का, अंग गार लागते का. ही जंतुदोषाची चिन्हे. आणि आजी त्यांनाच "शांत निजलंय" म्हणते! आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना पाटी दाखवा, वजन करून घ्या.

मधल्या दिवसांत बाळ उठवूनही उठेना, पूर्वी पीत होते ते आता पिईना, अंग तापले वा गार पडले, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर "उद्या पाहू" म्हणू नका. मोहर्लीची वाट जंगलातून जाते, आणि दिवस मावळल्यावर त्या वाटेने कुणी सहजी निघत नाही. म्हणून गुरे घरी येण्याआधी बाळ एकदा उजेडात नीट पाहून घ्या. शंका आली तर १०२ किंवा १०८ ला फोन लावा. अंधार पडला असला तरी लावा. आणि गाडी येईतो बाळ आईच्या छातीशीच उबेत असू द्या.