जुन्या जीपचे ढिले सुकाणू

श्रोतेहो, १९५३ साली निघालेली विलिस ‘सीजे-३बी’ जीप पाहा. सुकाणू बोटभर फिरवले तरी गाडी ढिम्म. मग एकदम बाजूला जाते. घाटात ही ढिलाई जिवावर बेतेल. पण स्टिअरिंगच्या पेटीचा स्क्रू आवळायची घाई नको.

इंजिन बंद ठेवा. एकाने सुकाणू थोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने खाली पाहावे. पेटीचे बोल्ट, दांड्यांचे सांधे, मधली बेलक्रँक क्रमाने तपासा. अलीकडचा भाग हलतो अन् पलीकडचा थांबतो, तिथेच झीज! ते आधी बदला.

पेटी शेवटी, अन् पुढची चाके सरळ ठेवूनच आवळा. तिचे मळसूत्र मधोमध मुद्दाम घट्ट असते. वळवून आवळलीत, तर सरळ येताना अडकेल.

गुरुजी, मुलांनाही सांगा: आधी दोष शोधावा, मग पाना उचलावा.